न्यूटच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग

काटोलच्या पुढे माझ्या बहिणीचे घर आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिथे गेलो, तेव्हा देवघराच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या घराशेजारी, एक चकचकीत माहितीपत्रक उभे करून ठेवलेले दिसले. मुखपृष्ठावर काळ्या पाठीचा, तांबड्या पोटाचा, ओलसर कातडीचा प्राणी होता. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागला नाही. जपानी न्यूट, पाण्यात राहणारा, पालीच्या आकाराचा जीव. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते की हा जीव आपला डोळा पुन्हा घडवतो, मग माणूस का नाही घडवणार?

भाचा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. "मामा, हे तं तुम्हीच सांगतलं होतं ना मले?"

सांगितले होते. तो शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला यायचा. रात्री गच्चीवर पाणी मारायचे, गाद्या टाकायच्या आणि मुलांना झोप येईपर्यंत मी प्राण्यांच्या गोष्टी सांगायच्या, असा आमचा रिवाज. न्यूटची गोष्ट तो दर उन्हाळ्यात पुन्हा मागून घ्यायचा.

विशीत त्याला रात्रीचे दिसेनासे झाले. रात्रीच्या विजेवर संत्र्याच्या बागेला ओलीत करताना तो झाडांच्या आळ्यांत पडू लागला. मग दिवस मावळायच्या आत घरी परतू लागला. पुढे पुढे बाजूने येणारी मोटारसायकलही त्याला दिसेना. नागपुरातल्या एका रुग्णालयात निदान झाले: रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी जनुकातल्या दोषामुळे हळूहळू मरत जातात, आधी कडेच्या, मग मधल्या. डॉक्टर काय म्हणाले ते भाच्याला आजही शब्दन् शब्द पाठ आहे, कारण ते फार नव्हते. "पडद्याचा आजार आहे, इलाज नाही, सहा महिन्यांनी दाखवा." तो टेबलासमोर उभा होता. एवढे ऐकेपर्यंत मागच्या माणसाने आपली फाइल पुढे केली.

त्यानंतरच्या चार वर्षांत या आजाराबद्दल त्याच्याशी कुणी तासभर बोलले असेल, तर ते माहितीपत्रकवाले. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. फोन केला की उचलला. आईची तब्येत विचारली. मग दुसऱ्या राज्यातल्या एका शहरात नेऊन कमरेच्या हाडातून काढलेल्या पेशी 'स्टेम सेल' (मूळपेशी, ज्यांतून नव्या पेशी घडतात) म्हणून त्याच्या दोन्ही डोळ्यांत टोचल्या. त्यासाठी एकरभर बाग गहाण पडली. दुसऱ्या इंजेक्शननंतर दीड महिन्यात डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळते.

न्यूट त्या घरात मी नेला होता, म्हणून हे लिहितो आहे. माझे म्हणणे असे की डोळ्याच्या असाध्य आजाराचे निदान झाले, की काय परत येऊ शकते, काय येऊ शकत नाही आणि का येत नाही, हे रुग्णाला त्याच्या भाषेत नीट समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे. त्यासाठी सरकारी रुग्णालयात माणूस नेमलेला हवा आणि त्याची वेळ राखलेली हवी. आज ती खुर्ची रिकामी आहे, आणि विकणारा नेमका तिथेच येऊन बसतो.

त्या माहितीपत्रकातले न्यूटचे चित्र खरे होते आणि त्याखालचे पहिले वाक्यही खरे होते. माझीही गोष्ट खरी होती. फक्त मी ती अर्धी सांगितली होती, आणि विकायला अर्धीच लागते.

पहिला अर्धा भाग असा. न्यूट हा सॅलमँडरच्या कुळातला उभयचर. आपल्याकडे बेडूक मुबलक, पण हे शेपटीवाले उभयचर पाहायचे तर दार्जिलिंगच्या बाजूचे डोंगर गाठावे लागतात. इटलीत कोलुच्ची यांनी १८९१ मध्ये आणि जर्मनीत गुस्ताव वोल्फ यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले की न्यूटच्या डोळ्यातले भिंग पूर्ण काढून टाकले तरी नवे भिंग येते. थोडा तुकडा मागे राहिला आणि तो वाढला, असे हे नव्हे. मागे काहीच राहिलेले नसते. बाहुलीभोवती जी रंगीत चकती असते, तिच्या वरच्या काठावरच्या पेशी आपला रंग टाकून देतात, विभागू लागतात आणि महिना-दीड महिन्यात त्यांचे पारदर्शक भिंग होते. खालच्या काठावरच्या पेशी दिसायला अगदी तशाच असतात, पण त्या हे करत नाहीत. पूर्ण वाढ झालेल्या, नेमून दिलेले काम करणाऱ्या पेशीने ते काम सोडून दुसरेच काम शिकावे, हे जीवशास्त्राच्या तेव्हाच्या समजुतीत बसत नव्हते. वर्गात हे सांगताना दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. निवृत्त होईपर्यंत आला.

जपानमध्ये गोरो एगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच न्यूटांची भिंगे १६ वर्षांत १८ वेळा काढली. अठराही वेळा नवी आली. शेवटी त्या प्राण्यांचे वय ३० वर्षांच्या घरात गेले होते, तरी त्यांचे शेवटचे भिंग तरुण न्यूटच्या भिंगापेक्षा कमी प्रतीचे नव्हते. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९७३ मध्ये, एगुचींनी आणखी एक प्रयोग केला होता. कर्करोग घडवणारे रसायन त्यांनी न्यूटच्या डोळ्यात, त्या चकतीच्या खालच्या काठाशी घातले. एरवी भिंग न देणाऱ्या त्या जागेतून गाठ येण्याऐवजी भिंगच आले. पेशींना बेसुमार वाढायला लावणारी गोष्ट या प्राण्याच्या शरीरात घडणीच्या कामाला लागते. आपल्या शरीरात तसे होत नाही. यातच आपला सगळा प्रश्न आहे.

भिंगच नव्हे, न्यूट डोळ्याचा पडदाही परत घडवतो, पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थरातून. माशांची पद्धत वेगळी. पट्टेरी झेब्राफिश हा मूळचा आपल्या उपखंडातला, गंगेच्या खोऱ्यातल्या संथ ओढ्यांचा आणि भातखाचरांचा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले. नागपुरात सीताबर्डीच्या कुठल्याही मत्स्यालयाच्या दुकानात तो मिळेल. त्याच्या पडद्यात मुलर पेशी असतात, आपल्याही असतात. हाइनरिश मुलर यांनी १८५१ मध्ये त्या ओळखल्या. पडद्याच्या सगळ्या थरांना उभा आधार देणाऱ्या, चेतापेशींची देखभाल करणाऱ्या या पेशी. माशाच्या पडद्याला इजा झाली की मुलर पेशी पुन्हा बालपेशींसारख्या होतात, विभागतात आणि काही आठवड्यांत मेलेल्या चेतापेशींच्या जागी नव्या उभ्या करतात. आपल्या पडद्याला इजा झाली की त्याच मुलर पेशी फुगतात आणि व्रण करतात.

इथे थोडे विषयांतर करतो. नागपूर विद्यापीठाच्या बीएस्सीला ज्यांनी प्राणिशास्त्र घेतले त्यांना 'पायला' ही गोगलगाय आठवत असेल. भंडारा-गोंदियाकडच्या बोड्यांतून, म्हणजे लहान तळ्यांतून, ती प्रयोगशाळेत यायची. तिचा शंख, तिचे कल्ले, तिची चेतासंस्था आम्ही वहीत काढायला लावायचो. शिंगांच्या बुडाशी आखूड देठांवर बसलेले तिचे डोळे काढायला विसरले तर एक गुण जायचा. २०२५ मध्ये तिच्याच कुळातल्या दक्षिण अमेरिकेच्या एका गोगलगायीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या गोगलगायीचा डोळा आपल्यासारखाच आहे: पारदर्शक बुबुळ (कॉर्निया), भिंग, पडदा, मेंदूकडे जाणारी नस. तो समूळ कापला तर साधारण महिन्याभरात पुन्हा येतो. कापलेल्या जागी एका दिवसात जखम भरते, मग पेशी जमतात आणि डोळा भाग भाग करून घडत जातो. मी हे वाचले आणि बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो. तीस वर्षे हा जीव माझ्या टेबलावर होता. त्याचा डोळा वहीत काढून दाखवायला मी हजारो मुलांना सांगितले, पण तो कापला तर काय होईल हे मी विचारले नाही आणि एकाही मुलाला विचारायला लावले नाही.

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. नव्या डोळ्याने त्या गोगलगायीला दिसते की नाही हे अजून सिद्ध व्हायचे आहे, असे संशोधकांनी स्वतःच सांगितले आहे. डोळा आला एवढ्यावर त्यांनी दृष्टी आली असे म्हटलेले नाही. गोष्टीचा उरलेला अर्धा भाग इथून सुरू होतो.

१९४० च्या दशकात अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी न्यूटांवर आणि बेडकांवर एक प्रयोग केला. त्यांनी डोळ्याची नस कापली आणि डोळा खोबणीतच अर्धा फिरवून, म्हणजे वरची बाजू खाली करून, बसवला. या प्राण्यांची नस पुन्हा वाढते. तशी ती वाढली, मेंदूपर्यंत पोहोचली, प्राण्यांना पुन्हा दिसू लागले. आणि मग माशी डोक्यावर दिसली की ते खाली झेप घेऊ लागले. पुढे धरलेल्या भक्ष्यासाठी मागे वळू लागले. दिवस गेले, महिने गेले, तरी त्यात सुधारणा झाली नाही. प्रत्येक तंतू मेंदूतल्या आपल्या जुन्याच ठिकाणी जाऊन जोडला गेला होता, डोळा उलटा झाल्याची त्याला खबर नव्हती.

हा प्रयोग मी वर्गात शिकवला, गच्चीवर मात्र सांगितला नाही. मुलाला झोपवताना कोण सांगेल? पण माहितीपत्रकाला खोडून काढायला हीच एक गोष्ट पुरेशी होती. दृष्टी ही पेशींची रास नव्हे. माणसाच्या डोळ्यापासून मेंदूकडे १० ते १२ लाख तंतू जातात आणि प्रत्येकाचा पत्ता ठरलेला असतो. पडद्यात प्रकाश टिपणारी पेशी, तिच्यापुढे संदेश पुढे नेणारी पेशी, तिच्यापुढे नसेचा तंतू, अशी ही साखळी. कमरेच्या हाडातून काढलेला पेशींचा द्रव डोळ्याच्या पोकळीत सोडला तर त्यातली कुठली पेशी प्रकाश टिपायला शिकणार, आणि शिकलीच तर कुणाला सांगणार? विकणाऱ्यांना हा प्रश्न भाच्याने विचारला नाही. विचारता येतो हेच त्याला ठाऊक नव्हते.

मग सस्तन प्राण्यांत हे का होत नाही? उत्तर आता थोडे थोडे हाती येते आहे. २०२० मध्ये झेब्राफिश, कोंबडी आणि उंदीर यांच्या मुलर पेशींची तुलना प्रसिद्ध झाली. तीत दिसले की इजा झाल्यावर उंदराच्या पेशीही जाग्या होतात, पण काही जनुके त्यांना लगेच पुन्हा जुन्या स्थितीत ओढून नेतात. त्याआधी, २०१७ मध्ये, सिएटलच्या टॉमस रे यांच्या प्रयोगशाळेने एक जनुक मुद्दाम चालू करून, शिवाय एका औषधाची जोड देऊन, प्रौढ उंदराच्या मुलर पेशींतून नव्या चेतापेशी मिळवल्या होत्या. २०२५ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी दाखवले की प्रॉक्स-१ नावाचे प्रथिन शेजारच्या चेतापेशींतून उंदराच्या मुलर पेशींत शिरते आणि त्यांना अडवते. ते वाटेतच पकडले, तर पडदा काही प्रमाणात सावरतो. हे सगळे उंदरांत. माणसाच्या डोळ्यात आज यातले काहीही उपलब्ध नाही. पण वाट कुठून जाते ते दिसते आहे, आणि मला ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा आशादायक वाटते.

माणसाच्या डोळ्यात काहीच परत येत नाही असेही नाही, आणि रुग्णाला हेही कळले पाहिजे. बुबुळाचा वरचा थर सतत नवा होत असतो. कचरा जाऊन ओरखडा पडला तर एक-दोन दिवसांत भरून येतो, कारण बुबुळाच्या कडेला मूळपेशींचे वलय असते. ते वलय जळाले की बुबुळावर पांढरी साय चढते. आपल्या भागात तंबाखू-सुपारीच्या खर्‍र्‍याच्या पुड्यांबरोबर चुनाही घरोघरी असतो. लहान मूल चुन्याची पुडी दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. अशा डोळ्यांसाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत वीरेंदर सांगवान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी छोटा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि बाळंतपणातल्या वारेच्या पातळ पापुद्र्यावर ते जळालेल्या डोळ्यावर मांडायचे. पेशी पसरतात, थर तयार होतो. पेशी वाढवण्याच्या महागड्या प्रयोगशाळेची गरज पडत नाही. नागपूरहून रात्री रेल्वेत बसले की सकाळी हैदराबाद येते. हीसुद्धा मूळपेशींचीच चिकित्सा आहे, आणि ती खरी आहे. बुबुळाच्या मूळपेशींनी बुबुळाचेच काम केले, म्हणून ती खरी आहे.

भिंगाचेही थोडे असेच. मोतीबिंदू काढल्यावर मागे राहिलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. काही महिन्यांनी, काही वर्षांनी नजर धुरकट होते आणि लेझर मारावा लागतो. वाढायची धडपड आपल्याही डोळ्यात आहे, फक्त मोठ्या माणसात तिला भिंगाचा आकार साधत नाही. चीनमध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेल्या दोन वर्षांखालच्या १२ मुलांत, वेगळ्या पद्धतीने शस्त्रक्रिया करून या पेशींकडून भिंग घडवून घेतल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि नेत्रदान? पडद्याच्या रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात की कुणाचा डोळा मिळेल का. मिळतो, पण बसवले जाते ते फक्त बुबुळ. पडदा आणि नस बसवता येत नाहीत. चार वाक्यांत सांगता येणारी ही गोष्ट न कळल्यामुळे माणसे वर्षानुवर्षे नंबर लागायची वाट पाहत राहतात.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप माझ्या बहिणीनेच घेतला. "तू आधी सांगितलं असतंस तर आम्ही गेलो नसतो, पण मग त्यानं जगायचं कशाच्या आशेवर?" हा प्रश्न मी हलका मानत नाही. आंधळे होत जाणाऱ्या तरुण मुलाच्या आईला विज्ञानाच्या गतीने थांबा असे सांगणे क्रूर आहे. कायदा पाळून मुलगा आंधळा होणार असेल, तर कायदा मोडून प्रयत्न करू, असे कुठल्याही आईला वाटेल.

पण या आजारात माणूस रिकाम्या हाताने जात नाही, उरलेली दृष्टी घेऊन जातो. ती गमावण्यासारखी असते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ७२ ते ८८ वयाच्या तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी, त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचण्यात आल्या. वयोमानाने त्यांचा पडदा झिजत होता, तरी त्यांना बऱ्यापैकी दिसत होते. काही दिवसांतच त्यांची दृष्टी गेली. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात हे प्रकरण आले, तेव्हा जगाला कळले. त्या उपचाराची नोंद सरकारी चाचणी-सूचीत होती, त्यामुळे आपण संशोधनात भाग घेतो आहोत असा काहींचा समज होता. खरी खूण वेगळीच होती. प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेतले गेले होते. म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायला सांगतो: प्रयोग असेल तर पैसे घेणार नाहीत. भारतात २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यावर आहे. प्रयोग म्हणायचे आणि बिलही फाडायचे, हे दिसले की उठून यावे.

आता याच क्षेत्रातले दुसरे उदाहरण पाहा. जपानमध्ये कोबे येथे मासायो ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यात, तिच्याच त्वचेच्या पेशींपासून घडवलेला पडद्यामागचा थर बसवला. एका डोळ्यात, आणि मग वर्षभर पाहत राहिले. दृष्टी सुधारली नाही, पण घसरलीही नाही, गाठही झाली नाही. त्यांनी तेवढेच सांगितले. दुसऱ्या रुग्णासाठी पेशी तयार झाल्या, पण तपासणीत त्यांत जनुकीय बदल आढळले, आणि त्या पेशी बसवल्या गेल्या नाहीत. सगळ्या जगाचे लक्ष लागलेले असताना हे काम थांबवण्यात आले. आशा कशी असते असे बहिणीने पुन्हा विचारले, तर मी तिला हे सांगेन.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे आणि तो मला जास्त अवघड वाटतो. आमच्याकडे वेळ कुठे आहे? नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत केवळ विदर्भातून नाही, तर छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगडमधूनही माणसे येतात. एका डॉक्टरसमोर सकाळपासून रांग असते, आणि त्या रांगेतल्या ज्यांचे डोळे वाचू शकतात त्यांना आधी वेळ देणे त्याला भागच असते. मी त्या डॉक्टरला दोष देत नाही. मी दोष देतो तो या व्यवस्थेला, जी समजावून सांगण्याला काम मानत नाही. एचआयव्हीची तपासणी करण्याआधी आणि केल्यानंतर सरकारी रुग्णालयात समुपदेशक रुग्णाशी बोलतो. ती पदे निर्माण झाली तेव्हा त्या आजारावरची औषधे सामान्य माणसाच्या हाती नव्हती. इलाज हाती नाही, म्हणूनच बोलणारा माणूस हवा, हे तेव्हा आपल्याला समजले होते. मग पडद्याच्या आणि नसेच्या आजारासाठी ते का समजू नये?

यासाठी नवे यंत्र लागत नाही. प्राणिशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेला, मराठी आणि हिंदी बोलणारा, गडचिरोलीकडच्या रुग्णांसाठी गोंडी जाणणारा एक माणूस, एक खोली, आणि निदानानंतर आठवडाभरात अर्धा तास. त्या अर्ध्या तासात आजाराचे नाव आणि त्याची चाल समजावून सांगायची. जनुकाची तपासणी कशासाठी करायची ते सांगायचे, कारण आरपीई-६५ या एका जनुकाच्या दोषावर अमेरिकेत २०१७ मध्ये जनुकोपचार मंजूर झाला आहे आणि आपला दोष कोणता हे माहीत असणाऱ्यालाच उद्या अशा दारावर उभे राहता येईल. डोळ्यांत आधीच काहीतरी टोचून घेतलेल्या माणसाला असे दार बहुधा बंद होते, हेही तिथेच सांगायचे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, पांढरी काठी, बोलणारा फोन, हे सगळे दृष्टी पूर्ण गेल्यावर नव्हे तर असतानाच शिकायला सुरुवात करायची. आणि न्यूटची गोष्ट सांगायची. पूर्ण सांगायची.

कायदे आहेत. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्यात ज्या आजारांच्या इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत अंधत्व आहे, मोतीबिंदू आहे, काचबिंदू आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की रक्ताच्या ठरावीक आजारांतले मूळपेशी-रोपण सोडले, तर बाकी सारे फक्त रीतसर चाचणी म्हणूनच करता येईल. भाच्याच्या घरातले माहितीपत्रक या दोन्हींच्या विरुद्ध होते. पण देवघरात ठेवलेल्या कागदाविरुद्ध तक्रार कोण करणार? तक्रार करायला आधी तो कागद खोटा आहे हे कळावे लागते. म्हणून मी कायद्याच्या आधी त्या खुर्चीची मागणी करतो.

आम्हा शिक्षकांवरही यातले काही येते. जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तेव्हा शहरभर विज्ञानाचे फलक होते. गांधीसागरासमोर रमण विज्ञान केंद्र आहे, तिथे रविवारी मुलांची गर्दी असते. पायलाचा डोळा, झेब्राफिशचा पडदा, माणसाचा पडदा हे शेजारी शेजारी मांडून, एकात काय होते आणि दुसऱ्यात का होत नाही, हे मराठीत सांगणारे एक दालन तिथे का असू नये? त्यासाठी लागणारा वेळ मी आणि माझ्यासारखे दहा निवृत्त शिक्षक फुकट देऊ. संशोधनासाठी पैसा लागेल, तो सरकारने द्यावा, आणि सोळा वर्षे थांबायची तयारी ठेवून द्यावा. समजावून सांगायला मात्र आज कुणाच्याही मंजुरीची वाट पाहायची गरज नाही.

मी एक पान लिहून काढले आहे. पडद्याच्या आजाराचे निदान झालेल्या रुग्णाला समुपदेशकाने काय काय सांगावे, त्याचा मसुदा. नागपुरातल्या दोन नेत्रतज्ज्ञांना दाखवला, त्यांनी चुका दुरुस्त केल्या. मग भाच्याच्या फोनवर पाठवला. तो आता फोनकडून वाचून घेतो, आवाज इतका भरभर ठेवतो की मला एक शब्द कळत नाही. त्याने दोनदा ऐकले. 'दृष्टिपटल' काढून 'पडदा' करा म्हणाला, केले. 'प्रत्यारोपण' नको, 'बसवणे' लिहा म्हणाला, तेही केले. मग थोडा वेळ काही बोलला नाही.

"मामा, आजाराचं नाव तुम्ही पहिल्याच ओळीत टाकलं. त्याच्या आधी एक ओळ पाह्यजे."

"कोणती?"

"बसा म्हणा. पह्यले त्या माणसाले बसा म्हणा."